पोट मिटून बसलेली पर्स

वस्तू अजून एकमेकींशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. जुन्या बाजारातून एक चामड्याची पर्स वत्सलाताईंच्या घरी आली. ताई अशा पर्सा घासूनपुसून पुन्हा वापरात आणत.

पर्सच्या पोटात बुरशी धरली होती. ती दिसली तर आपल्याला कचऱ्यात टाकतील, या धास्तीने पर्सने चाप घट्ट आवळून धरला. ताईंनी वरची धूळ झटकली, तेल चोळलं. पर्स चकाकली, पण चाप काही उघडेना.

"अगं, उघड ना," टेबलावरचं मऊ फडकं म्हणालं.

"नको रे बाबा! बाजारात ज्याने ज्याने आत पाहिलं, त्याने मला परत खाली ठेवलं."

"आणि अशीच मिटून राहिलीस तर?"

बुरशी शिवणीपर्यंत पोचली होती. आतला एकेक टाका सैल होताना पर्सला जाणवत होता.

तेवढ्यात ताईंनी लेकीला हाक मारली, "सुनंदा, पक्कड आण गं. चाप तोडावाच लागणार."

पक्कड जवळ आली तशी पर्सने मन घट्ट केलं आणि चाप सोडला.

कुबट वास खोलीभर पसरला. "अगंबाई!" ताईंनी नाकाला पदर लावला. पर्सला वाटलं, संपलं सगळं. पण ताईंनी फडकं व्हिनेगरच्या पाण्यात पिळून घेतलं आणि आतला कानाकोपरा पुसून काढला.

"एक कोपरा गेलाच," त्या म्हणाल्या, "तिथे ठिगळ लावू. बाकीची शिवण धरून आहे."

त्यांनी पर्स सावलीत, वाऱ्याला ठेवली. तिची धडधड अजून थांबली नव्हती. तरी तोंड तिने उघडंच ठेवलं.