वावटळीची वेळ

फार मागे, एका तबेल्यात शर्यतीची वेळ मोजणारं, कळ दाबली की सुरू होणारं आणि पुन्हा दाबली की थांबणारं घड्याळ खुंटीला टांगलेलं असे. वावटळ घोडीवर त्याचा भारी जीव.

"तुझ्याइतक्या कमी वेळात कुणीच पळालेलं नाही. उद्याची शर्यत तुझीच!" ते म्हणालं.

शेजारचा म्हातारा अबलख घोडा फुरफुरला, "अरे, ती वेळ नोंदली तेव्हा पुढे पळणारी ही एकटीच होती, मजेत पळाली. उद्या आणखी दोघे पहिल्यापासून पुढे सुटणारे आहेत. ते हिला दम खाऊ देणार नाहीत."

"माझा आकडा कधी चुकलाय?" घड्याळ फणकारलं. वावटळीलाही तेच पटलं.

दुसऱ्या दिवशी तिघंही सुरुवातीपासून एकमेकांना हटेनात. शेवटच्या वळणावर वावटळ ऊर फुटून कोसळली.

संध्याकाळी घड्याळ खुंटीवर परतलं. समोर तिचं ठाण रिकामं होतं. गडबडीत काटा थांबवायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"थांब रे आता," अबलख म्हणाला.

पण घड्याळाला आपणहून थांबता येत नव्हतं.