वाटीभर विरजण

“उद्या दुपारी कोष्टीपेठ पाडायची आणि तिथे हत्तीखाना बांधायचा!”

रणधवल महाराजांचा हा हुकूम ऐकला आणि विणकराची पोर गोजरा तडक दरबारात येऊन उभी राहिली. तिचं घर त्याच पेठेत होतं.

“महाराज, पेठ पाडू नका! सुतावाचून आमचे माग बंद पडलेत, हात अजून चालतात!”

“पुरे!” महाराज कडाडले. “दोनदा तिथे अन्नछत्र घातलं. लोक जेवले, ढेकर देऊन झोपले. पेठ होती तशीच!”

“अन्नछत्र नकोच आम्हाला, सरकार.”

“मग सावकार पाठवू?”

“तो तर मुळीच नको! येतो आणि मागच उचलून नेतो.”

महाराजांच्या भुवया चढल्या. “दान नको, सावकार नको! बरं तर. माझ्याकडून असं काहीतरी ने, जे मला परतही मिळेल आणि पेठेतही राहील. नाही जमलं, तर उद्या दुपारी हत्ती आलेच म्हणून समज!”

दरबार खो खो हसला. गोजराला कळून चुकलं, घर जाणार, पेठ जाणार! ती एकदम म्हणाली, “मुदपाकखान्यातून वाटीभर विरजण द्या. उसनं!”

दुसऱ्या दिवशी तिने महाराजांपुढे वाटी ठेवली. आत घट्ट दही होतं.

“हे तुमचं विरजण परत.”

“आणि पेठेत काय राहिलं?”

“घरटी चमचाभर वाटलं होतं. आज घरोघरी दही लागलंय. हुजऱ्या पाठवून बघा, ताक पिऊनच परत येईल! पेठेला भांडवलही असंच द्या, थोडंसं आणि उसनं!”

कारभारी खवळले. “अगं, दुधाचं दही लागतं. पैशाचं लागतं का?”

“लागतं की, कारभारीसाहेब! दूध आमचं आहे. माग आहेत, विणणारे आहेत. तुम्ही विरजणापुरतं सूत द्या. लुगडी विकली की तुमची वाटी परत, आणि कमाईतलं सूत शेजारच्या मागाला.”

“आणि नाहीच लागलं तर? मी रोज येऊन बघणार!”

“मग नाहीच लागायचं!” गोजरा म्हणाली. “विरजलेलं दूध सारखं हलवलं तर दही लागतं का? घरी विचारा जरा!”

महाराज इतके हसले, की मंदिल डोळ्यांवर आला. हत्तीखाना रद्द झाला, सुताच्या गाड्या कोष्टीपेठेकडे निघाल्या आणि राणीवशाची सगळी लुगडी विणायचं काम गोजराला मिळालं.

“आणि कारभारी,” महाराज डोळे पुसत म्हणाले, “वर्षभर त्या भांड्यात बोट घालायचं नाही!”