टिटवी आणि डासखाऊ

एका तळ्याच्या काठी, मुरमाड उंचवट्यावर, एक टिटवी राहत होती. गेल्या साली तिची अंडी पुरात गेली. त्याबद्दल ती कुणाशी बोलत नसे. यंदा तिने खड्यांमध्ये पुन्हा अंडी घातली होती. त्या वर्षी तळ्यावर डास इतके माजले की म्हैस शेपूट हलवून हलवून थकली. तेव्हा कोल्हा पुढे झाला. जुन्या वारुळाच्या उबदार मातीत नवे जीव घडवायची विद्या त्याला साधली होती. "डास खाणारा प्राणीच करून देतो," तो म्हणाला. "सरड्याची जीभ, डुकराची भूक आणि सशाची वीण. तळं साफ!"

"पण कोल्होबा," टिटवीने विचारले, "डास संपल्यावर तो काय खाणार?"

"झालं हिचं सुरू!" कोल्हा म्हणाला. "आभाळ कोसळेल म्हणून पाय वर करून झोपणारी तू. तुझं काय ऐकायचं?" म्हैस तोंड उघडून हसली, आणि हसता हसता तिने मूठभर डास गिळले.

कोल्ह्याने डासखाऊ घडवला. एकाचे दहा झाले, दहांची झुंड झाली. बघता बघता डास औषधालाही उरला नाही. सर्वांनी कोल्ह्याच्या गळ्यात कमळांची माळ घातली. मग डासखाऊंनी चतुर खाल्ले, नाकतोडे खाल्ले, बेडकाच्या तोंडचा घासही पळवला. बेडूक तक्रार घेऊन गेला, तर कोल्हा बिळातूनच म्हणाला, "मी फक्त घडवतो. पुढचं ज्याचं त्याने बघावं."

एके दुपारी ती झुंड टिटवीच्या अंड्यांपुढे येऊन उभी राहिली. टिटवीने दरडावले, "काय रे, घरी कुणी जेवायला घालत नाही का तुम्हाला?"

"घर म्हणजे काय, मावशी?" पुढचा डासखाऊ म्हणाला. त्याची जीभ लोंबत होती, पण डोळे पिल्लाचे होते.

टिटवीने आपल्या पूर्वजांची युक्ती काढली. एक पंख मोडल्यासारखा जमिनीवर टाकला आणि ती लंगडत निघाली. आयती शिकार म्हणून सगळी झुंड मागे लागली. एरवी टिटवी शत्रूला लांब नेऊन सोडते आणि उडून जाते. ही थेट कोल्ह्याच्या बिळापाशी थांबली आणि ओरडली, "कोल्होबा, बाहेर या! तुमची मुलं जेवायला आली आहेत!"

"बाबा!" झुंडीने एकच गलका केला. कोल्हा बाहेर आला. सर्वांत आधी त्याची माळ खाल्ली गेली.

तेव्हापासून कोल्हा उजाडल्यापासून किडे वेचतो. तरी पंगतीत रोज दोन पाने वाढतातच. परवा टिटवी पिल्लांना घेऊन पाण्यावर आली, तेव्हा त्याने धापा टाकत विचारले, "टिटवीबाई, पोरांचं पोट भरतं तरी कधी हो?"

"कधीच नाही," टिटवी म्हणाली आणि मागे राहिलेल्या पिल्लासाठी थांबली.

तात्पर्य : नवा जीव घडवणाऱ्याने गळ्यात माळ घालून घेण्याआधी त्याच्या पोटाची सोय करावी.