एका दमातलं गाणं

“आजी, श्वास न घेता माणसाला किती वेळ गाता येतं?”

मठाच्या पायऱ्या पळत चढून आलेल्या पोरानं नमस्कार करायच्या आधीच हे विचारलं.

म्योशुन आजी ओसरीवर बसून मुळे दोरीला बांधत होत्या. लोणच्याचे मुळे, वाळत घालायचे. जपानातलं ते दर्याकाठचं गाव, गावाबाहेर टेकडीवर बुद्धाचा मठ, आणि मठात आता या एकट्याच भिक्षुणी.

“आधी तू श्वास घे,” त्या म्हणाल्या. “मग विचार.”

पोराचं नाव तोमोया. वय तेवीस. देशभर त्याची गाणी गाजलेली, पण त्याचा आवाज म्हणाल तर कुणी ऐकलेला नाही. गायची ती नागी. आणि नागी म्हणजे कुणी बाई नव्हे बरं का. संगणकात घडवलेला आवाज. शब्द टाकायचे, चाल बसवायची, की नागी गाते. थकत नाही, खोकत नाही, रुसत नाही.

“तिनं गायलेलं माझं एक गाणं आहे,” तोमोया म्हणाला. “शेवटच्या कडव्यात ब्याण्णव अक्षरं. एका दमात. मध्ये कुठं फट म्हणून नाही! लोक गाऊन बघतात आणि आपटतात. त्यातच तर त्याची मजा आहे.”

“मग चेहरा असा का? चुन्यासारखा?”

तोमोयानं खाली बघितलं.

“माझी बहीण आहे, शिओरी. सोळा वर्षांची. उद्या दुपारी गावच्या जत्रेत ती हे गाणं गाणार आहे. सगळ्यांसमोर.”

“बरं.”

“काल तालमीत ब्याऐंशीव्या अक्षराला कोसळली. ओठ निळे पडले होते, आजी. पाणी मारलं तशी उठली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. मी म्हटलं, नको गाऊस. तर म्हणते, दादा, तुझ्या नागीला जमतं ते मला का जमू नये?”

त्याच्या खिशात फोन थरथरला. त्यानं वाचलं आणि पुन्हा खिशात कोंबला.

“आईचा निरोप. पोरगी खोलीला आतून कडी लावून गातेय म्हणे...”

“मग ठेव की एक फट. गाणं तुझंच ना?”

“फट ठेवली तर त्या गाण्यात राहिलं काय? लोक नावं ठेवतील. आणि शिओरी ऐकायची नाही.”

“तर मग माझ्याकडे कशाला आलास? दर्यात बुड्या मारून शिंपले काढणाऱ्या बायका आहेत, त्यांना विचार. दम कोंडायचं काम त्यांचं.”

“थट्टा नको, आजी. मी लहानपणी या टेकडीखालून शाळेत जायचो. रोज सकाळी तुमचा मंत्रपाठ चालू असायचा. रस्ता संपायचा, पाठ तुटायचा नाही. ती विद्या मला द्या. संध्याकाळपर्यंत तिला शिकवतो.”

आजींनी गाठ मारली.

“तो पाठ मी अख्खा कधी म्हटलेलाच नाही.”

“म्हणजे?”

“चाळीस वर्षं झाली इथं. एकदाही नाही.”

“मी या कानांनी ऐकलाय!”

आजींनी हात पुसले आणि त्याला आत नेलं. पाठाची पोथी त्याच्यापुढे उघडून ठेवली. ठोका धरायचा पोकळ लाकडी मासा स्वतःपुढे ओढला.

“म्हण माझ्याबरोबर.”

“मी? मी गात नाही.”

“गा कोण म्हणतंय? म्हण.”

“माझा आवाज फाटका आहे. शाळेत तोंड उघडलं की अख्खा वर्ग हसायचा. म्हणून तर नागी...”

टक्. टक्. टक्. आजींनी सुरूदेखील केलं होतं.

तोमोया पुटपुटत मागोमाग निघाला. चौथ्या ओळीला त्याचा दम संपला. तो शरमून गप्प झाला. पण पाठ चालूच होता, आजी म्हणत होत्या. त्यानं श्वास घेतला आणि चालत्या पाठात हळूच पुन्हा शिरला. कुणी हसलं नाही.

पुढच्या पानाला आजी थांबल्या.

तोमोयाही थांबला.

मठात काही म्हणजे काही आवाज नाही... खाली दर्या तेवढा.

“का थांबलास?”

“तुम्ही थांबलात म्हणून.”

“मी श्वास घ्यायला थांबले होते. तुझ्या भरवशावर.”

तोमोयाचे कान लाल झाले.

भिंतीपाशी आणखी दोन आसनं होती. झटकलेली, सारखी केलेली, रिकामी.

“तू शाळेत जायचास तेव्हा आम्ही तिघी होतो,” आजी म्हणाल्या. “एकीचा दम संपला की दोघी ओढायच्या. तिघींनी एकदम थांबायचं नाही, एवढीच आमची विद्या.”

“आणि आता?”

“आता तुटतो. किती वेळा ते कावळे मोजतात.”

फोन पुन्हा थरथरला. तोमोया धडपडून उठला.

“कळलं, आजी! उद्या नागीला तिच्या मागे लावतो. शिओरी थांबली की नागी ओढेल. तिला काय, दम लागतच नाही.”

“शिओरी कुठल्या अक्षराला थांबेल ते नागीला कळेल?”

“नाही... नागी ठरलेलं तेवढंच गाते.”

“शिओरीचा दम संपत आलेला कुणाला दिसेल?” म्हणत आजी ओसरीवर मुळ्यांपाशी जाऊन बसल्या.

फोन थरथरतच होता. या वेळी निरोप नव्हता, शिओरी स्वतः फोन करत होती. तोमोया फोनकडे बघत राहिला. त्या गाण्याची ब्याण्णवच्या ब्याण्णव अक्षरं पाठ असलेलं माणूस गावात दुसरं कोण होतं?

त्यानं फोन कानाला लावला.

“शिओरी, ऐक. कुठल्याही अक्षराला असो, दम संपत आला की थांबायचं. थांबायचं म्हणजे थांबायचं... नाही गं, गाणं नाही तुटणार. तुझा श्वास होईपर्यंत पुढचं दुसरं कुणी गाईल.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

तोमोयानं आधी श्वास घेतला.

“मी.”

मग फोनमधून असा काही आवाज फुटला की ओसरीवर ऐकू आला. तोमोयानं फोन कानापासून लांब धरला. चेहरा पुन्हा चुन्यासारखा.

“हसतेय, आजी. थांबतच नाही. मी गाणार म्हटल्यावर हसतेय ती.”

आजींनी पुढचा मुळा उचलला.

“हसतेय ना? मग श्वास घेतेय.”