चंपू नावाची शिळा

फार पूर्वी मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात एक काळी शिळा सूर्याभोवती फिरत असे. पृथ्वीवरच्या इंदुमती नावाच्या संशोधिकेने तिला दुर्बिणीतून शोधून काढलं आणि आपल्या वारलेल्या बहिणीचं नाव दिलं, चंपू.

शेजारचे धोंडे हसले. "आम्हाला देवांची नावं, आणि तू चंपू?"

शिळा खजील झाली. गुरू म्हणाला, "माझ्याजवळ ये. तुला असं भिरकावतो, की पृथ्वीच्या आभाळात पेटशील. सगळं जग बघेल."

शिळा वळणार, तोच तिला पृथ्वीवरचं बोलणं ऐकू आलं. इंदुमतीची म्हातारी आई दुर्बिणीला डोळा लावून विचारत होती, "आमची चंपू दिसेल ना गं?"

शिळा म्हणाली, "नको, गुरुदेव. आई मला इथेच शोधते."

धोंडे पुन्हा हसले. शिळा आपल्या कक्षेतून पुढे गेली.