उंबऱ्यावरची झोप

एका राज्यात लाच म्हणून झोप द्यावी लागे. अर्ज घेऊन कचेरीत गेलं की कारभारी म्हणत, "आम्ही हातात काही घेत नाही हो. उंबऱ्यावर ठेवा." माणूस झोप उंबऱ्यावर ठेवी, ती घरंगळत अंगणातल्या तांब्याच्या रांजणात जाई. आणि काम? ते उद्यावर. खुद्द राजानेही राज्याभिषेकाच्या मुहूर्तासाठी आपली झोप तिथे ठेवली होती. सारं राज्य लाल डोळ्यांनी येरझाऱ्या घालत होतं.

हौसा कोष्टीण नवऱ्यामागे घर नावावर करायला गेली, तेव्हा तान्ही लेक कडेवर होती. आईच्या झोपेबरोबर लेकीचीही गेली. बारा दिवस पोरीनं पापणी मिटली नाही. वैद्य म्हणाला, "उद्याचा दिवस मावळेतो झोपली नाही, तर हाती लागायची नाही." उजाडताच लेकीला पाठीशी बांधून हौसा कचेरीकडे निघाली.

रांजणाला तीन कुलपं होती आणि झाकणावर एक साळुंकी बसली होती.

"मी इथली कारकून," साळुंकी म्हणाली. "खरं लिहिलं म्हणून दिवाणजींनी मला पक्षी केलं. ऐक. कोतवाल, सबनीस, दिवाण, प्रत्येकाचं एक कुलूप. ज्यानं 'हे माझं नाही' म्हटलं, त्याचं कुलूप गळतं."

हौसा कोतवालापाशी गेली. "माझ्या लेकीची झोप घेतलीत, ती परत द्या."

"मी?" कोतवाल कडाडला. "मी हात तरी लावला का? माझी नव्हेच ती!"

चोराच्या उलट्या बोंबा! पहिलं कुलूप गळालं.

सबनीस गोडबोल्या. "बाई, कुठे नोंद आहे का?"

"नोंद नाही. राजापुढे शपथेवर सांगेन."

सबनीस हात झटकत म्हणाला, "आईची आण, रांजण माझा नाही!" दुसरं गळालं.

दिवाण मात्र जादूगार आणि पाताळयंत्री. तो तोंडच उघडेना. दुपार टळली, लेकीचं अंग गार पडू लागलं. हौसा धावतच दरबारात शिरली. "महाराज, दिवाणजींना एकच विचारा. साऱ्या राज्याची झोप साठलेला तो रांजण कोणाचा?"

राजानं डोळे चोळले. "बोला, दिवाणजी. तुमचा असेल तर सूळ तयार आहे."

हो म्हणावं तर जीव जातो, नाही म्हणावं तर कुलूप. दिवाण पुटपुटला, "माझा नाही, महाराज."

झाकण उडालं. झोपा आपापल्या घरी निघाल्या. राजा सिंहासनावरच कलंडला, भालदार भाल्याला टेकून घोरू लागले. साळुंकीची पुन्हा बाई झाली. तिनं आधी हौसाचं घर हौसाच्या नावे लिहिलं, मगच डोळे मिटले. पाठीवर लेकीचा श्वास संथ झाला, तशी हौसा रडली, पण हुंदका गिळून, पोर उठू नये म्हणून.

जागे राहिले तिघेच. इतकी वर्षं ते परक्यांच्या झोपेवर झोपले होते, त्यांची स्वतःची उरलीच नव्हती. हात जोडून ते हौसापुढे आले. "बाई, चिमूटभर तरी द्या."

हौसा जांभई देत म्हणाली, "उंबऱ्यावर थांबा. उद्या बघू."

तिची झोप तिच्या घरी आली, तशी तुमची तुमच्या घरी येवो.