दोरावर नाव कुठं कोरायचं

त्या मुलखात एक विहीर होती, विहिरीत पाणी होतं, आणि पाणी वर येत नव्हतं. मुलूख गाढवांचा होता. म्हणजे आमचाच. तेव्हा पुढं जे झालं त्याचं नवल कुणी वाटून घेऊ नये.

पूर्वी विहिरीला दोर होता. बांधावर घायपात उगवायची, तिच्या पानांतला वाख दातांनी सोलून काढून दर साली नवा दोर वळायची पद्धत होती. घायपातीला काटे असतात, तोंड फाटतं. एका साली वळायची पाळी कुणाची यावरून भांडण लागलं. ते भांडण अजून मिटलेलं नाही. दोर मात्र कुजला, तुटला आणि पोहऱ्यासकट तळाला गेला. तेव्हापासून सगळे टेकड्या ओलांडून ओढ्यावर जायचे, पोटभर पाणी प्यायचे आणि घरी येईस्तोवर परत तहानलेले असायचे.

नदीपलीकडं हत्तींचं राज्य होतं. हत्ती भला प्राणी, त्याबद्दल काही म्हणणं नाही. त्यांची तळी काठोकाठ भरलेली, सोंड लांब केली की पाणी. आमचे हाल त्यांच्या कानावर घातले कावळ्यानं. त्याला दोन्हीकडची भाषा येत होती आणि दोन्हीकडं त्याचं जेवण होतं. तो सांगून आला, "पाणी आहे, पण वर येत नाही." हत्तींनी पुष्कळ विचार केला आणि पोहरा पाठवला.

तांब्याचा पोहरा. पोटावर हत्तींच्या राज्याचं नाव कोरलेलं, लांबून वाचता यावं असं. हत्तीच्या पाठीवर करकचून बांधून आणला होता. आम्ही विहिरीवर हे एवढं लांब कापड ताणलं, त्यावर पाहुण्यांचे आभार रंगवले आणि सगळ्यांनी मिळून गाणं म्हटलं. हत्तींनी ते डोळे मिटून ऐकलं. आमचं गाणं पळून न जाता ऐकणारे तेच पहिले.

पाहुणे गेल्यावर भुरी नावाची गाढवी, तोंडानं जरा फटकळच, विहिरीत वाकून बघत म्हणाली, "आणि दोर?"

"बाई, तुमची अडचण पाण्याची होती," कावळा म्हणाला. "दोराची अडचण वेगळी सांगावी लागेल."

"मग सांगा की वेगळी."

कावळा सांगायला गेला, ती बातमी वाटेत उंटांनी ऐकली. हत्तींनी दिला आणि आपण मागं राहिलो, हे त्यांना बरं वाटलं नाही. त्यांनी पितळी पोहरा दिला, हत्तींच्यापेक्षा मोठा. मग गेंड्यांनी झाकणाचा दिला. प्रत्येक पोहऱ्याची कडी निराळी, प्रत्येकाबरोबर देखरेखीला एक कावळा निराळा, आणि प्रत्येकासाठी आमचं कापड निराळं. विहिरीभोवती इतके पोहरे झाले की काठापर्यंत जायला वाट उरली नाही.

"दोराचं विचारलंत का?" भुरीनं परत विचारलं.

"विचारलं. ते म्हणाले, दोरावर नाव कुठं कोरायचं?"

नाव कोरायला जागाच नाही ती वस्तू कुणी का द्यावी, हे आम्हाला चक्क पटलं.

शिवाय आमचंही बरं चाललं होतं, खोटं कशाला बोला. पोहरे घासायला गाढवं लागायची आणि घासणाऱ्याला पेंड मिळायची. पाणी कसं प्यावं याचं शिक्षणही कावळ्यांनी आम्हाला दिलं. मान किती वाकवावी, ओठ कसे धरावेत, सगळं नीट. पाणी नसल्यामुळं ते कोरडंच शिकवलं. कानतुट्या त्यात पहिला आला, त्याच्या गळ्यात घंटी बांधली. तो ती घंटी वाजवत ओढ्यावर पाणी प्यायला जायचा.

हा कानतुट्या भुरीचा दीर. त्याचा भाऊ मरून काही महिने झाले होते आणि भुरी गाभण होती. मागल्या खेपेला त्या टेकडीच्या चढावरच ती गाभडली होती. या खेपेला ती ओढ्यावर जायलाच तयार नव्हती. विहिरीपाशी बसून राहिली. ओठ फुटले, डोळे आत गेले, पण उठेना.

"वहिनी, चला हळूहळू. मी आहे बरोबर," कानतुट्या म्हणाला.

"तुम्ही मागल्या वेळीही होता, भावजी." ती वर बघत होती. डोक्यावर कापडं फडफडत होती, हत्तींचं, उंटांचं, गेंड्यांचं. "ही पिळून एकात एक वळली तर दोर होईल."

"अहो, त्यावर नावं आहेत पाहुण्यांची."

"असू देत. नावं आत जातील, दोर बाहेर राहील."

कानतुट्यानं इकडंतिकडं पाहिलं, कापडं दातांनी ओढून काढली आणि दोघांनी ती वळली. लांबीला पुरली, इतके आभार आम्ही मानले होते. हत्तींचा पोहरा खाली गेला, काठाला आपटला, पोचा पडला आणि भरून वर आला. भुरी प्यायली. मग सगळे प्यायले. कावळ्यांनी शिकवलेलं त्या वेळी कुणाला आठवलं नाही.

पुढं बरेच दिवस मुलखात कुणी तहानलेलं नव्हतं, आणि सवय नसल्यामुळं आम्हाला जरा चुकल्यासारखंच वाटत होतं. तेवढ्यात कावळा धापा टाकत आला. हत्ती पोहरे बघायला निघाले होते. "आणि कापड कुठंय तुमचं? उघड्या विहिरीवर उतरवणार त्यांना?"

आमचा कारभारी पोक्त गाढव होता. त्यानं दोर सोडायला सांगितला.

भुरी त्याच सकाळी व्यायली होती. शिंगरू जिवंत होतं, पण पायावर उभं राहत नव्हतं, आणि तिला दूध उतरत नव्हतं. "अण्णा, मला पाणी लागतंय," ती म्हणाली. "आजचा दिवस तरी दोर राहू द्या."

"पाहुणे गेले की परत वळू."

"आणि परत आले की?"

"परत सोडू. आपल्याला दुसरं काय काम आहे?"

"मग बांधावर घायपात आहे. तिचा वळा."

"वळू की," कारभारी म्हणाला. "पाळी कुणाची आहे?"

झालं. सगळी गाढवं एकमेकांकडं बघायला लागली. कानतुट्या घंटीशी चाळा करत राहिला. मग आम्ही दोर सोडला, कापडं ताणली. पोहरा पुसून कोरडा केला, पोचा मागच्या अंगाला फिरवून ठेवला. वापरलेला पोहरा पाहुण्यांना दाखवणं बरं दिसत नाही.

हत्ती आले. कापडं चुरगळलेली होती आणि विहिरीतल्या पाण्यानं अजून ओलीकच्च होती, खाली टपटप गळत होती. भुरी शिंगराला तोंडानं ओढत त्या कापडाखाली नेऊन, पायात घेऊन उभी राहिली आणि तिनं मान वर करून तोंड उघडलं. तिचं बघून एकेक करत आम्हीही तसेच उभे राहिलो.

"हे काय करतायत?" थोरल्या हत्तीनं विचारलं.

"आभार मानतायत," कावळा म्हणाला. "इकडची रीत आहे."

हत्तीचे डोळे भरून आले. त्यानं तिथल्या तिथं सोबत आणलेला नवा पोहरा आम्हाला दिला. तो पाठीवरून उतरवायला आमच्यातले चौघे पुढं झाले. पोहरा बाजूला ठेवला, आणि ज्या दोरानं तो बांधून आणला होता तो लांब, नवाकोरा दोर, दर वेळेसारखा, गाठ पडू न देता नीट गुंडाळून आम्ही त्यांचा त्यांना परत केला.